मेक्सिकोतील फोंदामधले घरगुती जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त किंवा सहलीसाठी मेक्सिकोला जाणारी मराठी माणसे तिथल्या जेवणाविषयी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मोठ्या उपाहारगृहांचा किंवा रस्त्यावरच्या टाकोच्या गाड्यांचा विचार येथे केलेला नाही. एखादे कुटुंब चालवत असलेली लहान खानावळ, जिला तिकडे फोंदा म्हणतात, तेवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

फोंदा कशी असते आणि ती कुठे सापडते?

सहा-आठ टेबले, त्यांवर रंगीत प्लास्टिकचे आच्छादन, दारापाशी फळ्यावर किंवा भडक रंगाच्या पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेली आजच्या पदार्थांची यादी, आणि मागच्या बाजूला बसल्या जागेवरून दिसणारे स्वयंपाकघर, असे तिचे साधारण रूप असते. बहुतेक ठिकाणी चुलीपाशी घरातली आई किंवा आजी असते, मुलगी किंवा सून वाढते आणि पैशांचा हिशेबही घरातलेच कोणीतरी पाहते. मेक्सिको शहर, पुएब्ला, ग्वादालाखारा अशा शहरांत कचेऱ्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये अशा खानावळी असतात, आणि जवळजवळ प्रत्येक मंडईत त्यांची एक रांगच असते. वाहाका शहरातील ‘वीस नोव्हेंबर’ बाजार तर यासाठी प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी पाटीवर ‘फोंदा’ऐवजी ‘कोसिना एकोनोमिका’ असे लिहिलेले असते. त्यामुळे जेवणात काही फरक पडत नाही.

चांगली फोंदा ओळखण्याची आमची खूण अशी की, यादी छोटी असावी आणि ती रोज बदललेली असावी. छापील, रंगीत छायाचित्रांचे आणि चार भाषांतले मेनूकार्ड हाती आले, तर आपण बहुधा पर्यटकांसाठी थाटलेल्या ठिकाणी बसलो आहोत असे समजावे.

कोणत्या वेळी जावे?

मेक्सिकोत दिवसाचे मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते, आणि फोंदामधले ठरावीक जेवण साधारणपणे एक वाजल्यापासून मिळू लागते. आपल्या सवयीप्रमाणे साडेबाराला गेल्यास भात अजून मुरायचा असतो. साडेचारला गेल्यास चांगले पदार्थ संपलेले असतात आणि ‘या नो आय’, म्हणजे ‘ते आता शिल्लक नाही’, हे उत्तर तीन-चार वेळा ऐकावे लागते. दीडच्या सुमारास गेलेले सर्वांत उत्तम. रात्रीच्या जेवणासाठी फोंदाच्या भरवशावर राहू नये, कारण बहुतेक फोंदा संध्याकाळपर्यंत बंद होतात, आणि कचेऱ्यांच्या भागातल्या तर शनिवार-रविवारीही उघडत नाहीत.

ठरलेल्या जेवणात काय काय येते?

या जेवणाला ‘कोमिदा कोरिदा’ म्हणतात. एकाच किमतीत तीन-चार पदार्थ एकापाठोपाठ येतात. मेक्सिको शहरात अलीकडे त्यासाठी शंभर पेसोंच्या आसपास मोजावे लागतात. जागा व शहर बदलले की हा आकडा खाली-वर होतो.

प्रथम सूप येते. बहुधा ते टोमॅटोच्या रसात शिजवलेल्या बारीक शेवयांचे, मसुरीचे किंवा कोंबडीच्या रश्श्याचे असते. त्यानंतर भात येतो, आणि येथे मराठी माणसाचा हमखास गोंधळ उडतो. भाताची बशी एकटीच समोर येते आणि आपण त्यावर घ्यायला काहीतरी येईल म्हणून वाट पाहत बसतो. तसे काही येत नाही, कारण तिकडे भात हा स्वतंत्र पदार्थ मानला जातो आणि तो तसाच खाल्ला जातो. हवे असल्यास थोडे जास्त पैसे देऊन त्यावर तळलेले अंडे घालून मिळते. भाजीबरोबरच भात हवा असेल तर सगळे एकदम आणायला सांगावे. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

या भाताकडे जरा लक्ष द्यावे, कारण फोंदाची परीक्षा त्यात होते. तांदूळ गरम पाण्यात भिजवून, पाणी नितळ होईपर्यंत धुऊन, निथळवून तेलात परततात. परतताना उलथण्याखाली दाण्यांचा वाळूसारखा कोरडा खुळखुळ आवाज येऊ लागला की टोमॅटो, कांदा आणि लसूण यांचे वाटण त्यावर एकदम ओततात. ते तेलात चरचरून आटले की रस्सा, मटार, गाजराचे तुकडे आणि वरून एक-दोन अख्ख्या हिरव्या मिरच्या घालून झाकण ठेवतात आणि नंतर ढवळत नाहीत. नीट जमलेला भात केशरी-लाल, मोकळा आणि दाणा न मोडलेला असतो.

तिसरा येतो ‘गिसादो’, म्हणजे रस्सेदार किंवा परतलेला मुख्य पदार्थ, आणि त्याच्या शेजारी वाटीभर पातळ किंवा घोटून परतलेल्या घेवड्याच्या बिया. टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, कापडात गुंडाळून टोपलीत येतात आणि त्या जेवणातच धरलेल्या असतात. फळांचे सरबत जगमधून मिळते. शेवटी जिलेटिनचा तुकडा, तांदळाची दालचिनी घातलेली खीर किंवा तत्सम काही छोटेसे गोड असते, आणि खरे सांगायचे तर त्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

यादीत नाचोज, बरिटो आणि कुरकुरीत टाको का दिसत नाहीत?

पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत ‘मेक्सिकन’ म्हणून जे मिळते, त्यातले बरेचसे सरहद्दीवरच्या आणि टेक्सासच्या खाद्यपरंपरेतून आलेले आहे. जिऱ्याचा सढळ वापर, पिवळे वितळलेले चीज आणि कडक कवचाचे टाको हे त्या परंपरेचे विशेष आहेत. नाचोज १९४० च्या दशकात पिएद्रास नेग्रास या अगदी सरहद्दीवरच्या गावी जन्मले. बरिटो आणि गव्हाच्या टॉर्टिया उत्तर मेक्सिकोच्या आहेत. मध्य व दक्षिण मेक्सिकोतल्या घरी मक्याची टॉर्टिया, घेवडा, मिरची आणि भोपळ्याच्या जातीच्या भाज्या यांवर स्वयंपाक उभा असतो, आणि फोंदात तोच मिळतो. युनेस्कोने २०१० मध्ये मिचोआकान या राज्याचा दाखला घेऊन पारंपरिक मेक्सिकन पाककलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तोही याच स्वयंपाकासाठी.

म्हणून फोंदात बसल्यावर ओळखीचे नाव शोधण्यापेक्षा ‘के आय ओय?’, म्हणजे ‘आज काय आहे?’, असे विचारणे शहाणपणाचे ठरते. घरच्या बाई जो पदार्थ न थांबता, आधी सांगतात, तो बहुधा सर्वांत ताजा असतो.

शाकाहारी माणसाचे तिथे भागते का?

भागते, परंतु त्यासाठी नेमके प्रश्न विचारावे लागतात. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगणे पुरत नाही, कारण ‘कार्ने’ या शब्दाने अनेकांच्या मनात गाय किंवा डुकराचे मांसच येते, आणि मोठ्या आपुलकीने समोर कोंबडीची किंवा हॅमचे तुकडे घातलेली बशी ठेवली जाते. त्यामुळे सगळी यादीच म्हणून दाखवावी : ‘सोय वेखेतारियानो. नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि खामोन.’ बोलणारी स्त्री असल्यास ‘वेखेतारियाना’ म्हणावे. यात मांस, कोंबडी, मासे आणि हॅम असे चारही प्रकार आले.

खरी अडचण मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन गोष्टींची आहे. पहिली म्हणजे कोंबडीचा रस्सा. भात, शेवयांचे सूप आणि अनेक रस्सेदार भाज्या त्यात शिजवल्या जातात, आणि ताजा रस्सा नसला तर त्याची पूड घातली जाते. दुसरी म्हणजे ‘मांतेका’, अर्थात डुकराची चरबी. घोटलेला घेवडा बऱ्याचदा तिच्यात परततात, तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचा पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ, त्याच्या पिठात ती फेटतात, आणि उत्तरेकडच्या गव्हाच्या टॉर्टियांतही तिचे मोहन असते. लोणी म्हणजे ‘मांतेकिया’, आणि दोन्ही शब्द इतके सारखे आहेत की, घाईत ऐकताना हमखास फसगत होते. ‘एल आर्रोस येवा काल्दो दे पोयो?’ (भातात कोंबडीचा रस्सा आहे का?) आणि ‘लोस फ्रिखोलेस येवान मांतेका?’ (घेवड्यात चरबी आहे का?) ही दोन वाक्ये पाठ असली, की निम्मे काम होते. बहुतेक ठिकाणी खरे उत्तर मिळते, कारण जिला विचारले जाते, तिनेच सकाळी ते शिजवलेले असते.

आता काय खाता येईल ते पाहू. मक्याच्या टॉर्टियात मका, चुना आणि पाणी यांशिवाय काही नसते. ‘फ्रिखोलेस दे ला ओया’, म्हणजे भांड्यात नुसता उकडलेला पातळसर घेवडा, बहुधा चरबीविना असतो, तरीही विचारून घ्यावे. ‘राखास कोन क्रेमा’ हा पदार्थ आमच्या मते शाकाहारी पाहुण्यासाठी सर्वांत चांगला. पोब्लानो नावाच्या मोठ्या, गडद हिरव्या मिरच्या भरताच्या वांग्याप्रमाणे थेट आचेवर काळ्या होईपर्यंत भाजतात, पिशवीत बांधून वाफवतात, साल काढून उभ्या पट्ट्या करतात आणि कांदा, मक्याचे दाणे व साय यांबरोबर शिजवतात. याच मिरचीत चीज भरून, अंड्याच्या फेसात बुडवून तळले की ‘चिले रेयेनो’ होते. फक्त त्यावरच्या टोमॅटोच्या रसात रस्सा नाही ना, ते विचारावे. कोवळ्या दुधीसारख्या कालाबासिता नावाच्या भाजीत मका आणि चीज घालून केलेला पदार्थ, बटाट्याच्या किंवा फुलकोबीच्या तळलेल्या टिक्क्या, निवडुंगाच्या काटे काढलेल्या पानांची म्हणजे नोपालची भाजी, घेवड्याच्या रसात बुडवलेल्या टॉर्टिया, हे सर्व वारंवार मिळते. भोपळ्याची फुले किंवा मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी, जिला विटलाकोचे म्हणतात, घातलेली केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, दिसली तर अवश्य घ्यावी. बुरशी या शब्दाने दचकू नये. चवीला ती अळंब्यांच्या जवळ जाते आणि तिकडे तिला चांगला भाव असतो. मेक्सिको शहरात मात्र केसादियात चीज असतेच असे नाही, ते वेगळे सांगावे लागते. या विषयावर शहरवासी आणि बाकीचा देश यांच्यात जो वाद चालतो, त्यात पाहुण्याने पडू नये.

वाहाकात मक्याच्या मोठ्या, कडक टॉर्टियावर, म्हणजे त्लायुदावर, ‘असिएंतो’ नावाचा चरबीचा गाळ फासलेला असतो. ‘सिन असिएंतो’ म्हटले की तो वगळतात.

अंडे, कांदा किंवा लसूण न खाणाऱ्यांचे काय?

अंडे टाळणे जमते. कांदा-लसूण टाळणे फोंदात जवळजवळ अशक्य आहे, कारण सकाळीच केलेल्या प्रत्येक वाटणात ते असतात. अशा पाहुण्यांनी टॉर्टिया, अवोकाडो, ताजे चीज, फळे आणि शिजवलेला नोपाल यांवर दुपार भागवावी. चीज जमवण्यासाठी प्राण्याच्या जठरातले रेनेट वापरलेले असू शकते, हेही कडक पथ्य पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

टॉर्टिया आपल्या मक्याच्या भाकरीपेक्षा वेगळी कशी?

फरक पिठात आहे. मेक्सिकोत मका कोरडा दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी धुऊन त्यांची सुटलेली साले काढतात आणि ओले दाणेच दळतात. या क्रियेने तयार झालेल्या मक्याला निस्तामाल म्हणतात. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून लाटलेली टॉर्टिया कडेला फाटत नाही. तिचा विशिष्ट गंधही त्यातूनच येतो, आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपात मका पोहोचला पण ही रीत पोहोचली नाही. परिणामी, उत्तर इटलीसारख्या भागांत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या आजाराने पिढ्यानपिढ्या ग्रासले.

जुन्या घरांत निस्तामाल तीन पायांच्या दगडी पाट्यावर, म्हणजे मेताते-वर, वाटत. आता ते गिरणीतून येते, आणि अनेक फोंदा तयार टॉर्टियाच जवळच्या दुकानातून किलोवर आणतात. त्यात कमीपणा काही नाही. परंतु दारावर ‘एचास आ मानो’, म्हणजे हाताने केलेल्या, अशी पाटी असेल आणि आत मातीच्या तव्यापाशी कोणी पिठाचे गोळे दाबत बसलेले दिसले, तर त्या टोपलीची वाट पाहण्यात अर्थ आहे. या मातीच्या तव्याला वापरण्याआधी चुन्याची निवळी फासतात, म्हणजे टॉर्टिया त्याला चिकटत नाही.

जेवण फार तिखट असते का?

मराठी जिभेला बहुतेक गिसादो सौम्य वाटतात. तिखट टेबलावरच्या साल्सांत, म्हणजे मिरचीच्या पातळ चटण्यांत, असते आणि ते ज्याने त्याने आपापल्या मनाने घ्यायचे असते. लाल साल्सा हिरव्यापेक्षा जहाल असतोच असे नाही, त्यामुळे आधी थेंबभर चाखावे. हबानेरो मिरचीचा, बहुधा नारिंगी रंगाचा साल्सा मात्र कोल्हापूरकरांनीही जपून घ्यावा.

तिखटापेक्षा मिरच्यांचा स्वाद ओळखण्यात खरी गंमत आहे. वाळलेली पोब्लानो म्हणजे आंचो, ती मनुकांसारखी गोडसर. धुरी देऊन वाळवलेली हालापेन्यो म्हणजे चिपोत्ले. ग्वाखियो रंगाला लालभडक आणि तिखटाला बेताची. एकाच रश्श्यात यांतल्या दोन-तीन एकत्र येतात. मिरचीचे मूळ घर मेक्सिकोतच आहे. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर गोव्यामार्गे सोळाव्या शतकात आली, आणि तिच्याआधी महाराष्ट्रातल्या तिखटाची मदार मिऱ्यांवर होती.

मोले मागवावा का?

अवश्य, पण पहिल्या दिवशी नको. मोले म्हणजे अनेक वाळलेल्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे किंवा बदाम, मनुका, दालचिनी, लवंग, मिरी, भाजलेली टॉर्टिया आणि थोडे चॉकलेट यांचे दाट, शिजवलेले वाटण. चॉकलेटचे नाव ऐकून लोक गोडाची अपेक्षा करतात. प्रत्यक्षात त्याचे काम कडवटपणा आणि गडदपणा देण्याचे असते. पुएब्लाचा मोले किंचित गोडसर लागतो. वाहाकाच्या काळ्या मोलेत मिरच्या आणि त्यांच्या बिया जवळजवळ जळेपर्यंत भाजतात, आणि तो पहिल्या घासाला परका वाटू शकतो. तिथेच पिवळा, हिरवा, तांबडा असे इतर मोलेही होतात, आणि पिवळा मोले नवख्याला लवकर आवडतो असा अनुभव आहे. रोजच्या फोंदात मोले बहुधा बाजारातून आणलेल्या लगद्यापासून करतात. तो लगदा पंचवीस-तीस जिनसांचा, कोणीतरी दोन दिवस खपून केलेला असतो, त्यामुळे नाक मुरडण्याचे कारण नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र येथे थांबावे, कारण तो पातळ करण्यासाठी कोंबडीचाच रस्सा वापरतात.

सरबत आणि बर्फ घेणे सुरक्षित आहे का?

फोंदात सरबतासाठी सहसा मोठ्या बाटल्यांतले शुद्ध केलेले पाणीच वापरतात, नळाचे पाणी तिथले लोकही पीत नाहीत. पोट नाजूक असल्यास बर्फाविना मागावे. लाल अंबाडीच्या बोंडांचे ‘खामाइका’, चिंचेचे ‘तामारिंदो’, तांदूळ-दालचिनीचे ‘ओर्चाता’ आणि चिया घातलेले लिंबाचे, हे नेहमीचे प्रकार. साखर आपल्या अंदाजापेक्षा जास्त असते.

आपल्या ओळखीचे काही जेवणात सापडते का?

पुष्कळ सापडते. डुकराच्या मांसाबरोबर हिरव्या रश्श्यात शिजणारी ‘वेर्दोलागास’ म्हणजे आपली घोळ. टेबलावर वाटीत कापून ठेवलेले छोटे आंबट लिंबू म्हणजे कागदी लिंबू. पिलोन्सियो म्हणजे साच्यात ओतलेला गूळ. तिथला पिवळा, निमुळता ‘मनिला’ आंबा फिलिपिन्समार्गे गेला. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ पासून १८१५ पर्यंत स्पॅनिश गलबते ये-जा करत होती. उलट दिशेने आलेल्यांची यादी अधिक लांब आहे : टोमॅटो, मका, पेरू, चिक्कू, पपई, आणि दसऱ्याचा झेंडूसुद्धा. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला, मृतांच्या दिवशी, फोंदांमध्येही पूर्वजांच्या तसबिरींपुढे याच झेंडूंची आरास मांडलेली दिसते.

कोणत्या दिवशी काही खास मिळते का?

गेरेरो प्रांतात गुरुवारी पोसोले करण्याची जुनी रीत आहे. फुललेल्या मोठ्या मक्याच्या दाण्यांचा आणि मांसाचा हा रस्सा असतो, आणि वरून मुळा, चिरलेली कोबी, ओरेगानो व लिंबू आपणच घालून घ्यायचे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुएब्लाकडे आक्रोडाचा पांढरा रस आणि डाळिंबाचे दाणे घातलेली, खिम्याने भरलेली मिरची मिळते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते, पण मासे आणि कोळंबी चालतात. त्या दिवशी ‘आज मांस नाही’ हे ऐकून शाकाहारी माणसाने निर्धास्त होऊ नये. पाव, गूळ, चीज आणि शेंगदाणे यांची ‘कापिरोतादा’ नावाची गोड खिचडी मात्र या दिवसांत चाखण्यासारखी असते.

वागण्या-बोलण्याच्या काही रीती आहेत का?

आत येताना ‘ब्वेनास तार्देस’ आणि शेजारच्या टेबलावरून उठून जाताना, ओळख नसली तरी, ‘प्रोवेचो’ म्हणतात. दोन्ही आवर्जून म्हणावे, लोकांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. मालकीणबाईंना ‘सेन्योरा’ म्हणावे. टॉर्टिया हातानेच खायची असते, आणि तिचा तुकडा मोडून त्याने भाजी उचलली तर कोणी वळूनही पाहत नाही. टोपलीतून एक घेतल्यावर कापड पुन्हा झाकावे, नाहीतर उरलेल्या गार होऊन चिवट होतात.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, तो दुर्लक्षाचा प्रकार नसून पाहुण्याला घाई करू नये हा संकेत आहे. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणावे. दहा ते पंधरा टक्के बक्षिसी ठेवण्याची पद्धत आहे आणि रोख रक्कम बरोबर असावी. दोन वाजता बाहेर रांग लागलेली असेल, तर जेवण झाल्यावर गप्पा मारत बसणे टाळावे.

लहान मुलांना नेता येते का?

नक्कीच. शेवयांचे सूप आणि भात मुले आवडीने खातात, आणि मालकांची मुले तिथेच एखाद्या टेबलावर गृहपाठ करत असतात.

परतल्यावर घरी हे जेवण करता येईल का?

भात, साल्सा आणि घेवडा सहज होतात. घेवड्यासाठी काळा किंवा चित्रा राजमा घ्यावा, आणि हिरव्या साल्सासाठी लागणारा तोमातिल्यो, म्हणजे टोमॅटोसारखे दिसणारे आंबट हिरवे फळ, न मिळाल्यास कच्चे टोमॅटो लिंबू पिळून वापरावेत. चव हुबेहूब जमत नाही, पण जवळ जाते. वाळलेल्या मिरच्या तिकडच्या मंडईतून आणाव्यात. त्या वजनाला हलक्या असतात आणि हवाबंद डब्यात कित्येक महिने टिकतात.

टॉर्टियासाठी मात्र आपल्याकडचे मक्याचे पीठ चालत नाही, कारण त्याला चुन्याचा संस्कार झालेला नसतो. निस्तामालचे कोरडे पीठ मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन मिळते. ते कोमट पाण्यात मऊ मळून, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून, चांगल्या तापलेल्या तव्यावर टाकावे. पहिली बाजू थोडाच वेळ ठेवून उलटावी, दुसरी जास्त वेळ भाजावी आणि पुन्हा उलटावी, म्हणजे ती फुगते. न फुगल्यास तवा कमी तापला आहे किंवा पीठ कोरडे राहिले आहे. झालेल्या टॉर्टिया कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या तुकडे करून तळाव्यात व साल्सात परतून नाश्त्याला खाव्यात.